डोक्याचा भुगा व्हायच्या आत: ग्रुप, यूट्यूब, बातम्या आणि फॉरवर्ड आवरायचे कसे

डिजिटल डिटॉक्सचं खूळ आधी डोक्यातून काढून टाका. शनिवार-रविवार फोन बंद ठेवून कुठेतरी डोंगरात जायचं आणि किती मोकळं वाटलं हे स्टेटसला टाकायला परत फोन चालू करायचा, त्याने काही होत नाही, दोन दिवसांचं साचलेलं सगळं सोमवारी सकाळी एकदम अंगावर येतं. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल करावं. हे लिहितोय ते रोज फोन लागतोच अशा माणसांसाठी, म्हणजे पोरं शाळेत आहेत, ऑफिस व्हॉट्सॲपवर चालतं, पावसाळ्यात नदीला पाणी किती वाढलं ते बघावं लागतं, अशांसाठी.

माहिती फार झाली असं सगळेच म्हणतात. पण ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात एवढी पुस्तकं आहेत, तिथे जाऊन कोणाचं डोकं दुखल्याचं ऐकलंय का? पुस्तकं कपाटात असतात, आपण मागितलं तर बाहेर येतात. फोनमधली माहिती न मागता येते आणि ती कधी यायची हे दुसराच कोणीतरी ठरवतो, सगळा त्रास तिथे आहे. हर्बर्ट सायमन म्हणून अमेरिकन अर्थतज्ज्ञ होते, पुढे १९७८ ला नोबेल मिळालं त्यांना, त्यांनी १९७१ मध्येच सांगून ठेवलंय की माहिती वाढली की ती माणसाचं लक्ष खाते. तेव्हा साधा मोबाईलसुद्धा नव्हता. त्यामुळे खालचं जे काही आहे त्याचं सूत्र एकच, आपल्याकडे आपोआप येणारं कमी करायचं आणि लागेल तेव्हा आपण उठून तिकडे जायचं.

सुरुवात नोटिफिकेशनपासून करा, कारण दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे आणि फरक त्याच दिवशी कळतो. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग उघडा, कुठल्या ॲपने दिवसात किती नोटिफिकेशन पाठवली ते तिथे दिसतं, आणि तो आकडा बघून बहुतेकांना धक्काच बसतो. मग नोटिफिकेशन्समध्ये जाऊन एकेक ॲप बंद करत सुटा. चालू काय ठेवायचं? फोन कॉल, एसएमएस (ओटीपी येतात म्हणून), बँक आणि यूपीआय, कॅलेंडर, आणि माणसांचे थेट मेसेज. बास. बातम्यांची ॲप, शॉपिंग, गेम, फेसबुक, इन्स्टा सगळं बंद, त्यातलं काहीही असं नसतं की संध्याकाळी बघितलं तर नुकसान होईल.

जेवण मागवायचं ॲप पूर्ण बंद करता येत नाही कारण डिलिव्हरीवाला खाली आला हे कळायला हवं, पण म्हणून रात्री अकराला बिर्याणी खायची इच्छा होतेय का हे विचारणारं नोटिफिकेशन सहन करायची गरज नाहीये. ते आलं की त्यावर बोट दाबून धरा, कुठल्या प्रकारचं आहे ते दिसेल, तेवढा एकच प्रकार बंद करा. ही सोय अँड्रॉइड ८ पासून म्हणजे २०१७ पासून आहे, पण वापरणारे फार कमी. आयफोनवाल्यांना आयओएस १५ पासून शेड्यूल्ड समरी आहे, म्हणजे बिनमहत्त्वाचं सगळं गोळा करून तुम्ही सांगाल त्या वेळेला एकत्र दाखवतो, ती चालू करा.

आणखी एक जागा लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे ब्राउझर. कुठलीतरी बातमी वाचताना 'ही साइट नोटिफिकेशन पाठवू इच्छिते' असं येतं आणि घाईघाईत अलाव दाबलं जातं, मग ती साइट रोज दहा वेळा 'धक्कादायक', 'मोठी बातमी' करत बसते. बऱ्याच घरांत काकांच्या फोनमध्ये व्हायरस शिरला म्हणून जी बोंब असते ती यातूनच आलेली असते. क्रोममध्ये सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी असते, ती रिकामी करा आणि वरचं विचारणं सुद्धा बंद करून टाका.

आता व्हॉट्सॲप, आपल्याकडे खरा राडा इथेच आहे. सोसायटीचा ग्रुप, सोसायटीचा समितीशिवायचा ग्रुप, शाळेचा, शाळेच्या आयांचा, दहावीच्या बॅचचा, भावकीचा, गावाकडचा, ऑफिसचा आणि साहेब नसलेला ऑफिसचा. बाहेर पडा म्हणणं सोपं आहे, पण भावकीच्या ग्रुपमधून बाहेर पडलात तर पुढच्या लग्नात काय ऐकावं लागेल ते तुम्हालाही माहितीये. म्हणून बाहेर न पडता करायचं.

नुसतं म्यूट करून भागत नाही, आवाज बंद होतो पण ग्रुप वर येत राहतो आणि तो हिरवा आकडा दिसला की बोट आपोआप जातं. म्यूट 'ऑलवेज' करा आणि वर अर्काइव्ह पण करा. पूर्वी अर्काइव्ह केलेला ग्रुप नवा मेसेज आला की परत वर उगवायचा, २०२१ पासून तसं होत नाही, चॅट सेटिंग्जमध्ये 'कीप चॅट्स अर्काइव्ह्ड' चालू असलं की झालं. आणि भीती बाळगू नका, कोणी तुमचं नाव घालून मेन्शन केलं किंवा तुमच्या मेसेजला रिप्लाय दिला तर अर्काइव्हमधून सुद्धा कळतं. म्हणजे ज्याला खरंच तुमच्याशी काम आहे तो पोचतोच. ज्याला नाहीये त्याचं संध्याकाळी चहा पिताना एकदा वरवर चाळून घ्यायचं, दोनशे मेसेज असतील तर दोनशे वाचायचे नाहीत, ग्रुपमध्ये सर्चला जाऊन 'पाणी', 'लिफ्ट', 'मीटिंग', 'फी' असं टाकलं की कामाचं सापडतं.

जिथून निघायचंच आहे तिथून गुपचूप निघता येतं, २०२२ पासून तुम्ही बाहेर पडल्याचं फक्त ॲडमिनला कळतं. तरी कोणी मुद्दाम बघायला गेलं तर साठ दिवस जुन्या सदस्यांच्या यादीत नाव दिसतं, हे आधी सांगून ठेवतो, नंतर मला बोलू नका. आणि नवीन ग्रुपमध्ये कोणीही ओढून घेऊ नये म्हणून प्रायव्हसीमध्ये ग्रुप्स, तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' करा, निवडणुकीच्या दिवसांत याचा फार उपयोग होतो.

सुप्रभातची गुलाबाची फुलं आणि पहाटे साडेपाचचे सुविचार याबद्दल आत्याला काही बोलायला जाऊ नका. तिचा तो दिवसाचा नमस्कार आहे, माणूस बरा आहे एवढं त्यातून कळतं. फक्त स्टोरेज अँड डेटामध्ये जाऊन मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा आणि चॅट्समध्ये मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा, म्हणजे ती फुलं तुमच्या गॅलरीत उगवणार नाहीत आणि पोराच्या वाढदिवसाचे फोटो शोधताना मध्ये मध्ये हनुमान येणार नाही.

तुम्ही स्वतः कुठल्या ग्रुपचे ॲडमिन असाल तर मात्र तुमच्यावर थोडी जबाबदारी आहे. सूचनांचा ग्रुप आणि गप्पांचा ग्रुप वेगळा करा, सूचनांच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहू शकेल असं सेटिंग लावा. टाकी धुणार असल्याची सूचना आणि त्यावरचे चाळीस अंगठे एकाच ठिकाणी असले की ती सूचना मेलीच. शाळेच्या ग्रुपला तर हे सक्तीचंच करायला हवं, एका बाईंनी उद्या ड्रॉइंगची वही आणा म्हटलं की तीसजण 'ओके मॅम' करतात आणि एकतिसावा विचारतो वही कुठली.

फॉरवर्डचं काय करायचं? मेसेजवर दोन बाण दिसले तर तो पाच किंवा जास्त वेळा फॉरवर्ड होत आलेला आहे. असले मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतात हे २०२० पासून आहे, त्याआधी २०१८ मध्ये भारतात साध्या फॉरवर्डलाच पाच चॅटची मर्यादा घातली होती, अफवांमुळे. दोन बाण दिसले की एवढंच समजायचं की हा मेसेज लिहिणारा माणूस तुमच्या ओळखीचा नाही, मग पाठवणारा सख्खा मामा का असेना. अगदीच तपासायचं असेल तर केंद्र सरकारच्या गोष्टींसाठी पीआयबी फॅक्ट चेक आहे, मराठीत फॅक्ट क्रेसेंडो आहे. पण प्रत्येक फॉरवर्ड तपासत बसणं हा सुद्धा एक ओव्हरलोडच आहे. ज्यावर तुम्ही काही करणारच नाही आहात ते खरं की खोटं याने तुमचं काय बिघडतं, सोडून द्या.

ज्यावर काही करायचंय तिथे मात्र थेट मूळ ठिकाणी जायचं, आणि या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. पावसाळ्याचं घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही ग्रुपमध्ये बघा, आयर्विन पूल इतके फूट, राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच, कोयनेतून एवढे क्युसेक, अलमट्टीतून तेवढे क्युसेक, दर पाच मिनिटाला एक मेसेज आणि प्रत्येकात आकडा वेगळा. सगळे खोटे असतात असं नाही, त्यातले बरेच खरेच असतात, फक्त सकाळी सहाचा आकडा दुपारी तीनला फिरत असतो. म्हणून नियम असा की ज्या आकड्याबरोबर तारीख आणि वेळ नाही तो आकडा नाहीच असं धरायचं. दुसरं, आकडा कशाशी ताडायचा ते पाठ पाहिजे: सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा ३९ आणि धोका ४३. एवढं माहिती असलं की दिवसात दोन-तीनदा जिल्हा प्रशासनाचा किंवा पाटबंधारे खात्याचा आकडा बघितला तरी पुरतं, मधल्या शंभर मेसेजची गरज राहत नाही. आणि खरंच पाणी दाराशी यायला लागलं तर ग्रुपवर विचारत बसायचं नाही, १०७७ ला म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला फोन लावायचा.

पावसाच्या अलर्टचंही तेच. रेड अलर्ट म्हणून जो स्क्रीनशॉट फिरतो तो बऱ्याचदा गेल्या वर्षीचा असतो किंवा भलत्याच जिल्ह्याचा असतो. हवामान खात्याच्या साइटवर जिल्हावार इशारा थेट दिसतो, पुढच्या काही दिवसांचा, आणि रंगांचा अर्थ सोपा आहे, हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष असू द्या, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार असं त्यांचं मोजमाप आहे. ते पान एकदा बुकमार्क करून ठेवलं की 'मित्रांनो पुढचे ७२ तास धोक्याचे' वाले व्हिडिओ बघायचं कारण उरत नाही.

सरकारी योजनांमध्ये तर काय बोलावं. लाडकी बहीण योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली, महिना १५०० रुपये, आणि तेव्हापासून यूट्यूबवर 'हप्ता आला', 'हप्ता बंद', 'या महिलांना मिळणार नाही', 'आजची सगळ्यात मोठी अपडेट' असा एक धंदाच सुरू झालाय, दहा मिनिटांच्या व्हिडिओत नऊ मिनिटं चॅनल सबस्क्राइब करा आणि शेवटी कळतं की नवीन काहीच नाही. इथे बघायचं फक्त दोन गोष्टींकडे. साइटचा पत्ता डॉट जीओव्ही डॉट इन ने संपतोय का, आणि शासन निर्णय म्हणजे जीआर निघालाय का. जीआरच्या शेवटी संकेतांक म्हणून एक लांबलचक आकडा असतो, सुरुवात वर्ष, महिना, तारीख अशी असते, तो महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या साइटवर टाकला की खरा कागद समोर येतो. जीआर वाचायला कंटाळवाणा असतो हे मान्य, पण दोन पानं वाचून होतात आणि पात्रता कोणाची ते त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. ज्या बाईला एवढा आकडा टाकणं जमत नाही तिने अंगणवाडी सेविकेला विचारावं, व्हिडिओवाल्यापेक्षा तिला जास्त माहिती असते. अकरावीची ॲडमिशन, सीईटी सेलच्या फेऱ्या, एमपीएससीच्या तारखा, इथेही मूळ अधिकृत साइटच बघायची, फक्त त्या सगळ्यांचे पत्ते डॉट जीओव्ही डॉट इन ने संपतातच असं नाही.

एमपीएससीवरून आठवलं, अभ्यास करणाऱ्या पोरांचा टेलिग्राम हा वेगळाच आजार आहे. चाळीस चॅनल, प्रत्येकात रोज पीडीएफ, डाउनलोड केलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. आयोगाच्या साइटवरून अभ्यासक्रम आणि मागच्या प्रश्नपत्रिका घ्या, ई-बालभारतीवर राज्य मंडळाची पुस्तकं फुकट आहेत ती घ्या, प्रत्येक विषयाला एक पुस्तक आणि चालू घडामोडींना एकच मासिक ठरवा, आणि बाकीचे चॅनल सोडा. एकच पुस्तक चारदा वाचणारा चार पुस्तकं एकदा वाचणाऱ्याच्या पुढे जातो हे पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत कोणीही सांगेल, तरी पीडीएफ काही थांबत नाहीत.

यूट्यूबला एक जालीम उपाय आहे. वॉच हिस्टरी बंद करा आणि जुनी पुसून टाका. ऑगस्ट २०२३ पासून असं झालंय की हिस्टरी बंद असली की होम पान जवळजवळ रिकामं येतं, काही सुचवतच नाही. पहिल्या दिवशी विचित्र वाटतं, मग लक्षात येतं की आपण उघडलं होतं मिक्सरची वाटी कशी बदलायची ते बघायला, आणि तेवढंच बघून बाहेर पडलो. ज्यांचं नियमित बघायचं ते सबस्क्रिप्शन्सच्या टॅबमध्ये असतंच. ऑटोप्ले बंद, आणि बोलणारा संथ असेल तर दीडपट वेगाने. रील्स आणि शॉर्ट्सबद्दल माझ्याकडे युक्ती नाही, तिथे ॲपला टायमर लावणं किंवा ॲपच काढून ब्राउझरमधून बघणं, एवढंच काय ते. न संपणारं स्क्रोल २००६ मध्ये अझा रॅस्किन नावाच्या माणसाने बनवलं, पुढे त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला, तर आपण आपल्या मनाच्या जोरावर थांबू ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

बातम्यांना वेळ ठरवा. सकाळी पेपर, कागदी असेल तर उत्तम कारण तो शेवटच्या पानावर संपतो, आणि हवंच तर रात्री एकदा. दिवसभर मध्ये मध्ये जे बघतो ते बहुतेक एकाच बातमीचे तुकडे असतात, रात्री त्या सगळ्याचा एक परिच्छेद होतो. ज्यांना चार-पाच ठराविक साइट आणि ब्लॉग वाचायचे असतात त्यांनी आरएसएस फीड वापरून बघा, म्हणजे निवडलेल्या साइटवरचं नवीन लिखाण एकाच ठिकाणी गोळा करून दाखवणारी सोय, त्यासाठीचं गूगल रीडर २०१३ ला बंद झालं म्हणून लोकांना वाटतं ते संपलं, पण फीडली, इनोरीडर चालू आहेत, फुकटात भागतं, आणि तिथे तुम्ही निवडलेलंच येतं, तारखेने लावलेलं, मध्ये कोणी काही घुसडत नाही.

'नंतर वाचू' म्हणून साठवणं हा आपल्या सगळ्यांचा लाडका छंद. उघडे टॅब, स्क्रीनशॉट, स्टार केलेले मेसेज. पॉकेट नावाचं ॲप खास याच कामाचं होतं, मोझिलाने ते जुलै २०२५ मध्ये बंद केलं. साठवताना एकच प्रश्न विचारा, हे मी कधी आणि कशासाठी वापरणार, आणि त्याचं उत्तर लिंकबरोबर लिहा. स्वतःलाच व्हॉट्सॲप करता येतं, तिथे 'दिवाळीला गोव्याचं बुकिंग करताना' असं लिहून लिंक टाकली तर ती सापडेल. उत्तर सुचत नसेल तर साठवू नका, परत लागली तर गूगलवर मिळेल.

गूगल करताना सुद्धा थोडं नेमकं करा. फोन हातात घ्यायच्या आधी प्रश्न काय आहे तो मनात किंवा कागदावर लिहा, नाहीतर गुडघेदुखीपासून सुरू होऊन तासाभराने आपण कुठल्यातरी हिरोईनच्या घटस्फोटापर्यंत पोचलेलो असतो. नेमके शब्द अवतरण चिन्हांत टाका, इंग्रजीत साइट लिहून कोलन देऊन पुढे वेबसाइटचा पत्ता टाकला की फक्त त्याच साइटमधलं शोधतो, आणि टूल्समध्ये जाऊन गेल्या आठवड्यातलंच दाखव म्हणता येतं, योजना आणि परीक्षांसाठी हे फार कामाचं. वरती एआयचं तयार उत्तर येतं ते वाचा, पण पैसे, औषध किंवा कोर्टाचं काम असेल तर खालची लिंक उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ईमेल आणि एसएमएसचं पटकन सांगतो. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी अनसबस्क्राइब असतं, आठवडाभर येईल ते दाबत राहा. एसएमएससाठी १९०९ ला इंग्रजीत स्टार्ट, जागा सोडून शून्य, असं पाठवलं की जाहिराती बंद करायची नोंद होते. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी पी असेल तर ती जाहिरात, जी असेल तर सरकारी, टी आणि एस म्हणजे व्यवहार आणि सेवा, न उघडताच कळतं.

हे सगळं स्वतःच्या फोनमध्ये झालं की आईबाबांचा फोन घ्या, सणाला घरी गेलात की अर्धा तास पुरतो. त्यांना न विचारता काही उडवू नका, शेजारी बसवून करा, नाहीतर तुम्ही परत गेल्यावर फोन येईल की तू काहीतरी केलंस आणि भजनं येईनाशी झाली. ब्राउझरची नोटिफिकेशन, ऑटो-डाउनलोड, ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं ते, एवढी तीन आधी. मग हवामान खात्याचं पान आणि त्यांच्या नेहमीच्या पेपरची साइट क्रोममध्ये उघडून वरच्या तीन ठिपक्यांतून 'ॲड टू होम स्क्रीन' करा, अक्षर मोठं करून द्या. बाबांना फेसबुक हवंच असेल तर राहू दे, फक्त त्याची नोटिफिकेशन बंद करा आणि ते चिन्ह पहिल्या पानावरून उचलून तिसऱ्या पानावर नेऊन ठेवा.